हिवतापापासून मेइक्टिलापर्यंत

1943 साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून एक जखमी सैनिक मागे धाडला, तर त्याच्यामागे 120 आजारी सैनिक धाडावे लागत, असे विल्यम स्लिमने नोंदवले आहे. ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याच्या या सेनापतीची युद्धनीती समजून घ्यायची तर सुरुवात याच आकड्यापासून करावी. 1942 च्या माघारीत त्याने एकच गोष्ट पुनःपुन्हा पाहिली होती: जपानी तुकडी जंगलातून वळसा घेऊन पाठीमागचा रस्ता अडवी आणि रसद तुटण्याच्या धास्तीने सगळी फळी मागे हटे. म्हणून त्याने आधी विमानातून रसद टाकण्याची व्यवस्था बसवली आणि हिवताप टाळणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळ्या सक्तीच्या केल्या. सैनिक गोळी घेतो की नाही, याचा जाब डॉक्टरांना नव्हे, पलटणीच्या अधिकाऱ्यांना द्यावा लागे. ही कामे वरवर कारभाराची वाटतात. पण रसद आकाशातून येणार असेल तर वेढ्यातला निरोगी सैनिक जागा सोडत नाही, आणि तो टिकणार असेल तरच शत्रूला मुद्दाम आत येऊ देण्याचे धाडस करता येते. 1944 मध्ये इंफाळच्या मैदानावर लढण्याचा बेत या साखळीवरच उभा होता.

यावर आक्षेप असा की बरीचशी विमाने अमेरिकेची होती आणि जपानी सेनापती मुतागुचीने तुटपुंज्या शिदोरीवर इंफाळची मोहीम काढून आत्मघात केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र मुतागुचीची भिस्त ब्रिटिशांची कोठारे लुटण्यावर होती, आणि 1942 च्या अनुभवाने ती वेडेपणाची वाटत नव्हती. फरक पडला तो वेढले गेलेले लोक आता पळत नव्हते म्हणून. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. इंफाळच्या उत्तरेकडील कोहिमावर फार तर एक जपानी रेजिमेंट येईल, असा स्लिमचा अंदाज होता. आली अख्खी 31 वी डिव्हिजन. ही चूक गंभीर होती. कोहिमाच्या वाटेवर सांगशाकला मराठा बटालियनसह एका छत्रीधारी ब्रिगेडने काही दिवस शत्रूला रोखले नसते, तर ती आणखी महागात पडली असती. तरीही बेत कोसळला नाही, कारण आराकानमधली पाचवी भारतीय डिव्हिजन विमानाने हलवण्याची तयारी होती. युद्धनीतीची सुसंगती म्हणजे अचूक भाकीत, असे मानणाऱ्यांनी कोहिमा नीट अभ्यासावे.

पुढे जपानी सेनापती किमुरा इरावती नदीमागे सरकला, तेव्हा स्लिमने आखलेली मोहीम डिसेंबर 1944 मध्ये बदलली. उद्दिष्ट तेच राहिले: मुलूख नव्हे, जपानी सैन्य मोडायचे. मंडालेसमोर शत्रूला गुंतवून एक कोअर गुपचूप दक्षिणेकडे गेली, आणि मार्च 1945 च्या सुरुवातीला जपान्यांचे रसदकेंद्र मेइक्टिला तिच्या हाती आले.