वालीची बाजू कोण मांडणार?

वालीसमोर जो लढायला उभा राहील त्याचं अर्धं बळ वालीकडे जायचं. हा वर वाल्मीकींच्या रामायणातला नाही, नंतरच्या कथाकारांनी दिलेला आहे. पण ऐकणाऱ्यांनी तो केव्हाच पदरात घेतला, कारण रामाने आडून बाण का मारला याला त्यामुळे एक कारण तरी मिळतं. कारण मिळालं की मग शंका सुटतात. बळ नजरानजर होताच जायचं की पहिला ठोसा पडल्यावर? दोघे एकदम चालून आले तर दोघांचंही अर्धं? सुग्रीव तर दोनदा समोर उभा राहिला, मग तो जिवंत परत आला कसा? आणि कुणी पाठीमागून आव्हान दिलं तर?

असल्या शंका काढत रात्र जागवणारी माणसं आज पाहायची असतील तर शनिवारी संध्याकाळी बंगळूरच्या बेळ्ळंदूरला जावं. आउटर रिंग रोडच्या कडेने टेक पार्क, तिथून सर्जापूर रस्त्याकडे पसरत गेलेल्या सोसायट्या, आणि त्यांत पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून आलेली मराठी पोरंपोरी. जोडीला मल्याळी, तेलुगू, बंगाली सहकारी. आठवडाभर स्टँडअप मीटिंग आणि डेडलाइन यांत पिचलेली ही मंडळी कुणाच्या तरी हॉलमध्ये नाहीतर कोरमंगलाकडच्या एखाद्या बोर्डगेम कॅफेत जमतात. मध्ये चिवड्याचा डबा, रंगीत फासे, आणि प्रत्येकासमोर एकेक कागद. त्याला म्हणायचं कॅरेक्टर शीट. त्यावर आपल्या पात्राचं नाव, त्याची शक्ती, त्याचं वैगुण्य.

खेळ चालतो तो बोलण्यावर. एकजण सूत्रं हलवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. तो सांगतो, बँकेची तिजोरी समोर आहे, मागे पहारेकरी धावत येताहेत. घनपदार्थातून आरपार जाणारी नायिका घेतलेली मुलगी म्हणते, मी भिंतीतून जाते. मास्टर विचारतो, भिंत दोन फुटांची आहे, आत हवा नाही, श्वास किती वेळ धरशील? हा प्रश्न नियमांच्या पुस्तकात नसतो, तो त्याला आत्ता सुचलेला असतो. ती वीस बाजूंचा फासा टाकते. चार पडतात. ती निम्मी भिंतीत अडकते आणि पुढचा पाऊण तास बाकीचे तिला सोडवायच्या खटपटीत घालवतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हा पाऊण तासच आठवतो. शक्ती बिनबोभाट चालली ते प्रसंग कुणाच्या लक्षातही नसतात.

खलनायकाची जन्मकथा शोधायलाही त्यांना लांब जावं लागत नाही. अमेरिकेत १९६२ मध्ये स्पायडरमॅन घडवायला किरणोत्सारी कोळी लागला होता. बेळ्ळंदूरच्या तळ्यात प्रक्रिया न झालेलं सांडपाणी आणि साबणातलं फॉस्फेट वर्षानुवर्षं साचत गेलं. पांढरा फेस वाऱ्याने उडून रस्त्यावर आला, आणि २०१५, २०१७, २०१८ मध्ये पाण्याने पेट घेतला. कॉमिक्सच्या लेखकाने हे लिहिलं असतं तर संपादक म्हणाला असता, जरा अती होतंय.

या टेबलावरच्या खेळाचा उगम १९७४ चा. त्या वर्षी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. त्यात जादूगार आणि राक्षस होते. अतिमानवी नायकांचे खेळ पाठोपाठ आले. त्यांतला १९८१ चा 'चॅम्पियन्स' मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्यात खेळाडूला ठरावीक गुण मिळतात आणि त्यांतून तो शक्ती विकत घेतो. गुण कमी पडले तर वैगुण्यं पत्करायची: मागावर असलेला शत्रू, लपवून ठेवायची ओळख, जिच्यासाठी सगळं टाकून धावावं लागेल अशी म्हातारी आत्या. जितकी अडचण मोठी, तितके गुण जास्त. हिशेबाच्या या एका युक्तीत गोष्ट रचण्याचं सगळं मर्म आलं. ताकद कुणीही कल्पू शकतो. तिला अट घालायला डोकं लागतं, आणि चाहत्यांचे सगळे वाद त्या अटीभोवतीच फिरतात. सुपरमॅन १९३८ मध्ये अवतरला, पण त्याला नमवणारा क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये आला, तोही आधी रेडिओच्या मालिकेत. रोज नवा भाग रचणाऱ्यांना न हरणाऱ्या माणसाचं करायचं काय हा प्रश्न पडत असणारच.

महाभारतकारांना तो पडला नाही, कारण तिथे बिनअटीचं काही नाहीच. कर्णाकडे इंद्राची शक्ती आहे, पण एकदाच वापरायची. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवलेली. युद्धाच्या चौदाव्या रात्री कृष्ण घटोत्कचाला पुढे करतो, कौरवसेना त्राहि त्राहि करते आणि कर्णाला ती शक्ती त्याच्यावर टाकावी लागते. घटोत्कच पडतो, पांडव रडतात, आणि कृष्ण आनंदाने नाचू लागतो. कसलेल्या खेळाडूची चाल ती हीच. भीष्माचं इच्छामरण, ऐन वेळी अस्त्रविद्या आठवणार नाही हा परशुरामाचा शाप, जयद्रथाचं मस्तक जमिनीवर पाडणाऱ्याचंच मस्तक फुटेल हा वर, या सगळ्या शर्तीच आहेत, आणि युद्धाचा निम्मा भाग शर्तींतल्या पळवाटा शोधण्यात जातो.

आपल्याकडे त्यावर वाद घालायचीही व्यवस्था होती. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आणि मलनाडात पावसाळ्यात यक्षगानाचे मेळे थांबतात, तेव्हा ताळमद्दळे रंगतं. वेश नाही, रंगरंगोटी नाही, नाच नाही. भागवत, म्हणजे गाणारा सूत्रधार, पद म्हणतो, मद्दळे आणि चेंडे वाजतात, आणि समोरासमोर बैठक मारून बसलेले अर्थधारी त्या पदाच्या अनुषंगाने जागच्या जागी बोलू लागतात. एक राम, एक वाली. संवाद लिहिलेले नसतात. वाली विचारतो, माझं तुझं वैर काय? राजाने लपून मारावं असं कुठल्या धर्मात सांगितलंय? रामाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. शेणी गोपालकृष्ण भटांसारख्या (१९१८–२००६) अर्थधाऱ्याला ऐकायला लोक रात्र रात्र बसत. त्यांना वालीचं काय होणार हे ठाऊक असे. वाली मरणारच, भागवताची पदं तशीच बांधलेली. पण मरण्याआधी तो रामाला किती पेचात पकडतो, हे त्या रात्रीपर्यंत कुणालाच माहीत नसे, खुद्द वाली झालेल्या माणसालाही नाही.

चाहते ज्याला 'कॅनन' म्हणतात, म्हणजे मूळ कथेने ठरवून टाकलेलं आणि बदलता न येणारं, ते हेच. निकाल पक्का आणि वाद मोकळा.

मराठी नाटकाची सुरुवातही याच घराण्यातली आहे, हे दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करताना कुणी फारसं बोलत नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. पदं सूत्रधार म्हणे, पात्रं आपली भाषणं उत्स्फूर्त करीत. राळेचा भडका उडवून अललडुर्र अशी आरोळी ठोकत राक्षस येई, म्हणून पुढच्या पिढीने या खेळांना 'अललडुर्र नाटकं' म्हणून हिणवलं. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांनी 'थोरले माधवराव पेशवे' लिहिलं. ते पहिलं 'बुकिश' नाटक. तेव्हापासून नटाच्या तोंडी लेखकाची वाक्यं आली. मराठी रंगभूमीने त्यातून पुष्कळ कमावलं, पण पात्र होऊन स्वतःच्या डोक्याने भांडायची सवय मात्र शहरी नाटकातून गेली. सिंधुदुर्गातल्या दशावताराने ती टिकवली. तिथे अजूनही खेळाआधी आख्यानाची रूपरेषा ठरते, मंचावर एक बाकडं असतं, तेच सिंहासन, तेच पर्वत, आणि संवाद ज्याचे त्याने उभे करायचे.

पुस्तकी बाजूने पाहिलं तर शिवाजी सावंतांचं १९६७ चं 'मृत्युंजय' याच खेळाचा भव्य डाव आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण यांच्या अंगात शिरून लेखक 'मी' म्हणून बोलतो. उलट टोकाला भैरप्पांचं कन्नड 'पर्व' (१९७९), जे उमा कुलकर्णींनी मराठीत आणलं. त्यात वर, शाप, दिव्यास्त्रं सगळं काढून घेतलेलं. शक्ती नसत्याच तर ही माणसं कशी वागली असती? चाहत्यांच्या आवडत्या 'असं असतं तर' या प्रश्नाचं याहून थोर उत्तर भारतीय भाषांत क्वचितच मिळेल.

बंगळूरचा या उद्योगाशी संबंध निव्वळ खेळणाऱ्यांचा नाही. २००४ मध्ये 'स्पायडरमॅन इंडिया' हे कॉमिक निघालं, त्याचे चित्रकार जीवन कांग बंगळूरचेच. नायक पवित्र प्रभाकर, गाव मुंबई, कमरेला धोतर, आणि शक्ती कोळ्याच्या दंशातून नव्हे, एका योग्याकडून. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. पण २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये हाच पवित्र पडद्यावर आला आणि तो चित्रपट भारतात दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती. गंमत म्हणजे त्या चित्रपटाचा विषयच कॅनन आहे. प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही आघात व्हायलाच हवेत, एखादा पोलीस अधिकारी डोळ्यांदेखत मरायलाच हवा, नाहीतर त्याचं विश्व उसवतं असं बजावलं जातं. आणि माइल्स नावाचा पोरगा म्हणतो, का म्हणून? वाली झालेल्या अर्थधाऱ्याने थेट भागवताचंच पद अडवावं, तसं हे बंड.

ऑगस्ट २०२५ मध्ये मल्याळी चित्रपट 'लोका' आला आणि अतिमानवी नायिका खुद्द बंगळूरला राहायला आली. केरळच्या दंतकथेतली यक्षी, कल्लियंकाट्टु नीली, इथे चंद्रा या नावाने कॅफेत रात्रपाळी करते. परगावाहून येऊन भाड्याने राहणारी, शेजाऱ्यांना फारसं काही न सांगणारी तरुणी बेळ्ळंदूरला परकी वाटायचं कारणच नव्हतं. चित्रपट संपताच तर्क सुरू झाले: चात्तन किती, ओडियन कोण, पुढच्या भागात कोण येणार. उत्तरं शोधायला मल्याळी पोरं कोट्टारत्तिल शंकुण्णींच्या 'ऐतिह्यमाला' या जुन्या कथासंग्रहाकडे वळली. मराठीतही २०१५ मध्ये निखिल महाजनांनी 'बाजी' हा मुखवटाधारी नायक आणून पाहिला होता, पण तो एकटाच आला आणि एकटाच गेला. त्याच्यामागे वेताळ-मुंजांचं आपलं भलंमोठं गणगोत उभं केलं असतं, तर मराठी पोरांनाही तर्क लढवायला जागा झाली असती.

या नादात टाकाऊ भागही भरपूर आहे. हनुमान जिंकेल की हल्क, यावर आकडे फेकत घातलेले तासन्‌तासांचे वाद म्हणजे शुद्ध वेळकाढूपणा. त्यात ना पात्राचा विचार, ना प्रसंगाचा. दोन मोटारींच्या जाहिराती समोरासमोर ठेवून भांडल्यासारखं ते असतं. शिवाय लहान मूल एकटं खेळतं तेव्हा त्याच्या शक्तीला अट घालणारं कुणी नसतं. दूरदर्शनवर १९९७ पासून 'शक्तिमान' लागत असे, तेव्हा तो वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या आल्या आणि मुकेश खन्नांना पडद्यावरून मुलांना समजवावं लागलं. भिंतीत हवा नसते हे सांगणारा मास्टर किंवा पद आवरतं घेणारा भागवत समोर बसलेला असला, की खेळ खेळच राहतो.

आणि असा खेळ वाया जात नाही. अल्बुकर्कीत लेखकांचं एक टोळकं १९८३ पासून 'सुपरवर्ल्ड' नावाचा अतिमानवांचा खेळ खेळत असे. सूत्रधार जॉर्ज आर. आर. मार्टिन. खेळापायी लेखन मागे पडतंय हे लक्षात आल्यावर त्यांनी त्या पात्रांचीच पुस्तकं करायचं ठरवलं. १९८७ पासून निघालेली 'वाइल्ड कार्ड्‌स' ही मालिका ती. पुढे २०११ ते २०१३ या काळात जॉन मॅक्रे या कॅनडियन लेखकाने 'वर्म' ही अवाढव्य कादंबरी इंटरनेटवर भागाभागाने लिहिली. तिच्यात शक्ती मिळते ती आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी, आणि त्या दिवसाच्या जखमेचा वण शक्तीवर राहतो. नायिकेच्या वाट्याला येतात किडे. आरंभी वाचकाला हसू येतं, नंतर येत नाही. या एका अटीवर चाहते आजही नवी पात्रं रचत आहेत.

बेळ्ळंदूरच्या सोसायट्यांतल्या मराठी मंडळींना म्हणून एक सुचवावंसं वाटतं. गणेशोत्सवात मुलांची वेशभूषा स्पर्धा दरवर्षी होते: थर्माकोलची गदा, आईने पाठ करून घेतलेली चार वाक्यं, टाळ्या, आणि उत्तेजनार्थ बक्षीस. पुढच्या वर्षी त्यातला अर्धा तास काढून घ्या. दोन मुलं समोरासमोर बसवा, एक राम, एक वाली, आणि पाठांतराला बंदी करा. परीक्षक म्हणून गावाहून राहायला आलेल्या एखाद्या आजोबांना बसवा, म्हणजे कुणी मनचा वर मागून घेतला तर ते तिथेच पकडतील. ताळमद्दळे ऐकत वाढलेलं किनारपट्टीचं एखादं कुटुंब सोसायटीत असेल तर त्यांनाही बोलवा. मराठी आली नाही तरी मुद्दा कुठे बसला हे त्यांना बरोबर कळेल.