मुक्कामाचा विवेक

दिवाळीची सुटी महिन्यावर आली की आमच्या बेळगाव-निपाणी भागातल्या घराघरांतून एक कागद निघतो. वहीचा मधला जोडपानी कागद असतो तो. डावीकडे तारखा, मध्ये गावांची नावे, उजवीकडे गाड्यांच्या वेळा. हा कागद आठवडाभर घरात फिरतो आणि ज्याच्या हाती जातो तो त्यात एक गाव वाढवतो. "एवढे लांब जातोच आहोत, तर तेही पाहून येऊ," हे वाक्य कोणी ना कोणी उच्चारतेच. त्या कागदावरून एखादे गाव कमी झाल्याचे मात्र आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे.

प्रवासाची आखणी हा वरवर पाहता सोयीचा, खर्चाचा आणि वेळापत्रकाचा विषय. त्यात नीतीचा प्रश्न कुठून आला, असे कोणी विचारील. आम्हालाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. परंतु चार माणसांनी मिळून करावयाच्या प्रवासाची गती कोणाच्या पावलांनी ठरावी, आणि वेळ अपुरा पडला तर कोणाच्या वाट्याचे गाळावे, हे प्रश्न सोयीचे नाहीत. ते न्यायाचे आहेत. हे आम्हाला कळले ते एका चुकीतून, आणि ती चूक आमची स्वतःची होती.

२००३ सालच्या दिवाळीत आमच्या घरची अकरा माणसे दक्षिणेच्या यात्रेला निघाली. अकरा दिवस आणि नऊ ठिकाणे : म्हैसूर, उटी, मदुराई, कन्याकुमारी, रामेश्वर, तंजावर, चिदंबरम्, कांचीपुरम् आणि तिरुपती. आखणी आम्ही केली होती व तिचा आम्हाला अभिमानही होता. आमच्या थोरल्या अक्का तेव्हा सत्तरीत होत्या. एका खेड्यातल्या मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षे शिकवले होते. कागद फिरत होता तेव्हा त्यांनी एकही गाव वाढवले नाही. तंजावरच्या नावाखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ तेवढी ओढली.

त्या रेघेचा अर्थ आम्हाला ठाऊक होता. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठी राज्य उभे केले आणि १८५५ पर्यंत त्या गादीचे नाव टिकले. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरवून घेतला. परमुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांनी आपली भाषा भिंतीवर लिहून ठेवली, याचे अक्कांना अप्रूप होते. त्यांना ते सारे वाचायचे होते.

आमची गाडी तंजावरला पोचली ती दुपारी. तिकडची देवळे मध्यान्हीला बंद होतात ती चारच्या सुमारास उघडतात, ही साधी गोष्ट नऊ गावांच्या आखणीत कोणी ध्यानी घेतली नव्हती. दार उघडल्यावर दर्शन झाले आणि लगेच चिदंबरम्‌ची वाट धरण्याची घाई सुरू झाली. अक्का भिंतीपाशी उभ्या होत्या. चष्मा पुसून एकेक अक्षर लावीत होत्या. बोट दगडाला न टेकवता हवेतच फिरत होते, फळ्यावरचे शब्द मुलांना दाखवावेत तसे. चार-पाच ओळी झाल्या असतील नसतील, तोच आम्ही हाक मारली, "अक्का, चला, गाडी थांबली आहे." त्या लगेच आल्या. तक्रार नाही, रुसवा नाही. गाडीत बसल्यावर एवढेच म्हणाल्या, "अक्षर सुवाच्य आहे हो." २०११ साली अक्का गेल्या. तंजावरला पुन्हा जाणे झाले नाही.

या प्रसंगात कोणी दुष्टपणा केला नव्हता. चालक वेळ पाळीत होता, मुले कंटाळली होती, आणि आम्हाला पुढच्या मुक्कामाची काळजी होती. तरीही अन्याय झाला. अकरा दिवसांत नऊ गावे बसत नाहीत, हे आखतानाच दिसत होते. म्हणजे काहीतरी गळणार होतेच. ते काय असावे, हे आम्ही घरी बसून ठरवले नाही. वाटेवर सोडून दिले. आणि वाटेवर, घाईच्या वेळी, ज्याचा आवाज बारीक त्याच्याच वाट्याचे गळते. उटीच्या बागेतला वेळ कमी झाला नाही, कारण तिथे तरुण मंडळींचा आग्रह होता. रामेश्वरची खरेदी चुकली नाही. चुकली ती अक्कांची भिंत. जिला हट्ट करण्याची सवय नव्हती, तिच्या समंजसपणावर आमचे वेळापत्रक उभे होते, असे आज म्हणावे लागते.

ही घाई आमच्या अंगात आली कुठून? जुन्या वाचकांना मिरजेचे स्थानक आठवत असेल. सत्तरीच्या दशकापासून नव्वदीच्या दशकापर्यंत पुण्याकडचा रेल्वेमार्ग रुंद रुळांचा आणि बेळगाव-लोंढ्याकडचा मीटर गेजचा होता; पंढरपूरची छोटी गाडी तर त्याहूनही अरुंद रुळांवरून येई. तीन रुंदींचे रूळ एका गावात भेटत. त्यामुळे बेळगावच्या माणसाला मिरजेला गाडी बदलल्यावाचून पुणे गाठता येत नसे. त्या अडकलेल्या तास-दोन तासांत माणसे चहा घेत, डबा सोडीत, गावात कोणी नातलग असल्यास डोकावून येत. रस्त्याचेही तेच. तवंदीचा घाट चढताना गाडीचा दम निघे आणि निपाणीला उतरून पाय मोकळे केल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. हे विसावे कोणी आखलेले नव्हते. अडचणीतून ते आपोआप मिळत, आणि त्यांचा लाभ सर्वांत अधिक होई तो थकलेल्याला.

पुढे रूळ एकसारखे झाले. २००० नंतरच्या दशकात पुणे-बेंगळुरू हमरस्ता चौपदरी झाला. कोल्हापूर दोन-अडीच तासांवर आले. वाचलेला वेळ आपण मुक्कामाला दिला असता तर प्रत्येक गावी एक संध्याकाळ वाढली असती. आपण त्या वेळात गावे वाढवली. यात्रा कंपन्यांच्या गणितानेही त्याला हातभार लावला. गाडी, निवास आणि आचारी यांचा खर्च दिवसांवर अवलंबून असतो. म्हणून तितक्याच दिवसांत अधिक ठिकाणे दाखवली की जाहिरात भरघोस दिसते. ज्या टॉमस कुकच्या नावाशी सामुदायिक सहलींचा धंदा जोडला जातो, त्याने ५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० माणसांना लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेले, तेव्हा माणशी एक शिलिंग आकारून एकच गाव दाखवले होते, ही यातली मौज.

एका गावी किती राहावे, याचा विचार आपल्याकडे जुना आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले. प्रथम रिसालदार गल्लीत भाट्यांच्या घरी आणि मग हरिपद मित्र या वन अधिकाऱ्याच्या घरी असा सुमारे बारा दिवस त्यांचा मुक्काम झाला. संन्याशाने नगरात तीन दिवसांहून अधिक राहू नये, असा दंडक त्यांनी यजमानांना सांगितला होता. यजमानांनी मात्र त्यांना जाऊ दिले नाही. दंडकामागचा हेतू उघड आहे : गावाची ओढ लागू नये आणि यजमानावर भार पडू नये. आपण गृहस्थ माणसे नेमक्या उलट्या टोकाला आहोत. गावाची ओढ लागण्याइतके आपण कुठे थांबतच नाही. तीन दिवसांची जी मर्यादा विरक्ताला फार वाटे, ती आपल्या कागदावर एखाद्या गावाला लाभली तर चैन ठरते.

आता प्रश्न गतीचा. त्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यातून दर वर्षी चालत जाते. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसाठी अश्व निघतात आणि सुमारे तीनशे किलोमीटरची वाट १०-११ दिवसांत पायी कापून आळंदीला पोचतात. तिथून ते पालखीबरोबर चालू लागतात आणि त्यांची रोजची चाल अर्ध्यावर येते. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास किलोमीटर. त्याला अठराएक दिवस लागतात. घोड्यांचे बळ कमी झालेले नसते. सोबतीला आता म्हातारी माणसे, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका आणि अनवाणी पाय असतात, म्हणून ही चाल. दोहोंपैकी माउलींच्या अश्वावर कोणी स्वार नसतो. सर्वांत वेगाने जाऊ शकणारा तो, सर्वांत सावकाश चालणाऱ्यांच्या सोबतीने जातो.

या वाटचालीची आखणीही बारकाईने पाहण्याजोगी आहे. पुण्याहून सासवडचा टप्पा तीसएक किलोमीटरचा आणि त्यात दिवे घाटाची चढण. म्हणून सासवडला दोन रात्रींचा मुक्काम. दिवसाच्या वाटेत ठरलेले विसावे, दुपारच्या भोजनाची ठरलेली जागा. तिथीची क्षय-वृद्धी सांभाळण्यासाठी लोणंदचा मुक्काम कमीजास्त करण्याची सोय. सर्वांत अवघड दिवसानंतर विश्रांती आणि अनपेक्षितासाठी मोकळी जागा, ही दोन तत्त्वे आमच्या नऊ गावांच्या कागदावर कुठेही नव्हती.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहीत. पहिला असा, की सावकाश प्रवास हा सवडीच्या माणसांचा चोचला आहे. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. ती ज्या दिवशी वळणार नाही त्या दिवशी तिला मजुरी नाही. तिला दोन दिवसांची सुटी पदरमोड करूनच घ्यावी लागते. तिला "थोडे पाहा, निवांत पाहा" हा उपदेश करणे आमच्यासारख्या निवृत्तिवेतनवाल्यांना शोभत नाही. दुसरा आक्षेप त्याला जोडूनच आहे. आयुष्यात एकदाच बाहेर पडणाऱ्याने सारे पाहून घेण्याची हाव धरली, तर ती हाव म्हणावी का? "पुन्हा कोण येणार?" या शब्दांत दारिद्र्यही असते आणि वयही असते.

आम्ही या आक्षेपांपुढे मान तुकवतो. एकट्याने निघालेल्याने पंधरा गावे पाहावीत की एक, हा त्याचा प्रश्न. त्याच्या धावपळीला आम्ही कमी लेखणार नाही. पण अनेकांनी मिळून निघायचे ठरले की मामला बदलतो. तिथे धडधाकट माणसाची हौस दुबळ्याच्या थकव्यातून वसूल होते. शिवाय, ज्याला पुन्हा यायला मिळणार नाही त्याचाच हक्क पहिला, हे मान्य केले तर आमच्या गाडीतून तो कोणाचा होता? मुले आज ना उद्या पुन्हा चिदंबरम्‌ला गेली असती, आणि त्यांतली दोघे गेलीही. "पुन्हा कोण येणार?" हा प्रश्न त्या संध्याकाळी खऱ्या अर्थाने एकट्या अक्कांचा होता. आणि त्यांनी तो विचारला नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की गाळण्याचे काम घरी, कागदावर, सर्वांच्या समक्ष व्हावे. आणि ते ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी आपल्या हौसेपासून सुरू करावे. पहिल्यांदा घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला विचारावे, की तुम्हाला काय पाहायचे आहे आणि तिथे किती वेळ बसायचे आहे. त्याभोवती बाकीचे रचावे. रात्रीच्या प्रवासानंतरचा दिवस मोकळा ठेवावा. एका गावी दोन रात्रींहून कमी मुक्काम करू नये. आणि एक अख्खा दिवस कोरा ठेवून त्यावर कोणालाही काही लिहू देऊ नये. एवढे केल्यावर पाहणे कमी होईल हे खरे. ते होते आहे हे ठाऊक असताना केलेले असेल.

यंदा आमच्या घरी पुन्हा तो कागद निघाला आहे. दिवस तेच अकरा ठेवले आहेत. एक रात्र गाडीत, तीन म्हैसूरला, एक गाडीत, चार तंजावरला, आणि परतीच्या दोन पुन्हा गाडीत. म्हणजे गावे दोन, मुक्कामाच्या रात्री सात. नातवंडांनी उटी मागितली. आम्ही त्यांना नाही म्हटले नाही. कागद पुढे करून उटीसाठी कोणाचे काय गाळायचे ते त्यांनाच लिहायला सांगितले. बराच वेळ कागद त्यांच्याकडे होता. परत आला तेव्हा उटी लिहून खोडलेली होती.

आता सत्तरी आम्हालाच लागली आहे. जिना चढताना मध्ये थांबावे लागते आणि चष्म्याचा क्रमांक वाढला आहे. तंजावरचा दुसरा दिवस आम्ही कोरा ठेवला आहे. सकाळी दार उघडल्यावर आत जावे, भिंतीपाशी उभे राहावे, आणि अक्का जिथे थांबल्या त्या पाचव्या-सहाव्या ओळीपासून वाचायला लागावे, असे मनात आहे. आमच्या वाचण्याचा वेग फार नाही. घरच्यांनी सांगितले आहे, की गाडीला त्या दिवशी सुटीच दिली आहे.