झोपाळ्याची रांग

सगळ्या मुलांसाठी म्हणून केलेल्या नव्या खेळाच्या जागेत सहकुटुंब गेलात, तर आधी खाली पाहा. वाळू असेल तर चाकाची खुर्ची तिथेच रुतते. रबराची सपाट जमीन असेल तर ताई भावाला ढकलत थेट झोपाळ्यापाशी नेते. खुर्ची वर चढवायला फूटभर उंचीला बारा फुटांचा उतार लागतो. जागा वाचवायला तो आखूड केला, की आईला दम लागतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने करमणुकीतल्या समान सहभागाची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. पण बाकावरच्या आजी खुर्चीतल्या मुलाला ‘बिचारा’ म्हणतात, त्याला कायदा काय करणार? तो बिचारा तर नंबरासाठी कडाकडा भांडतोय! आपली मुलं तिथे जरूर न्या, आणि त्यांनाही त्याच्याशी भांडू द्या.