सिन्नरची वाट आणि सिलारहमी



नाशिकहून मोहदरी घाटाने सिन्नर सुमारे ३० किलोमीटर. तेथून आमचे खेडे आणखी १५. हनफी फिकहनुसार सुमारे ७७ किलोमीटरच्या आत नमाज कसर होत नाही. म्हणजे शरीअत ज्याला सफरही मानत नाही, त्याच अंतराला आपण ‘लांब पडते’ म्हणतो!

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. मक्केच्या वाटेवर हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना एक खेडूत अरब भेटला. त्यांनी त्याला सलाम केला, आपले गाढव बसायला दिले, डोक्यावरची पगडीही दिली. सोबत्यांना नवल वाटले. कारण एवढेच होते की, त्या माणसाचा पिता हजरत उमर (रजि.) यांचा स्नेही होता, आणि पित्याच्या स्नेह्यांशी संबंध राखणे ही मोठी नेकी आहे, हे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते.

वडिलांच्या मित्राच्या मुलाचा एवढा हक्क, तर वडिलांच्या आईचा किती?

गेल्या ईदला मी दादीकडे गेलो. शीरखुर्मा घेतला आणि अर्ध्या तासात उठलो. उंबरठ्यावर ती म्हणाली, “बेटा, गाडीची किल्ली तरी हातातून खाली ठेवायची होतीस.” मिंबरवरून सिलारहमीचा उपदेश करणारा मी निरुत्तर झालो.

वाचकहो, या आठवड्यात जा. किल्ली कोनाड्यात ठेवा. मुलांना तिच्याजवळ बसवा. अस्रची नमाज गावच्या मशिदीत अदा करा, पूर्ण चार रकअत. कारण तेथे आपण मुसाफिर नसतो.

अल्लाह आपणा सर्वांना आप्तांचे हक्क पाळण्याची तौफीक देवो. आमीन.