नाक्यावरचा साक्षीदार

मार्च 1897 मध्ये प्लेगनिवारणाच्या कामासाठी रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुण्याच्या पेठांतून गोऱ्या सोजिरांची पथके फिरविली, तेव्हा प्रत्येक घराचा उंबरठा हाच एक लष्करी नाका झाला. माजघर आणि देवघरसुद्धा झडतीतून सुटले नाही. रोग्यास इस्पितळात व घरच्या माणसांस विलगीकरणाच्या छावणीत धाडावे, सामानसुमान जाळावे, आणि या सर्वांविरुद्ध दाद मागू म्हटले तर नुकत्याच फेब्रुवारीत मंजूर झालेल्या साथरोग कायद्याच्या चौथ्या कलमान्वये सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर फिर्यादच चालू नये, अशी ती व्यवस्था होती. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँड यांच्यावर गोळ्या झाडून या कारभाराला जे उत्तर दिले, ते आपल्या परिसरातील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. परंतु त्याच उन्हाळ्यात दुसरी एक गोष्ट घडली, जिच्याकडे आपण आदराने पण काहीशा संकोचाने पाहतो, आणि माझ्या मते आज तिचाच विचार अधिक निकडीचा आहे.

गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून मित्रांची पत्रे जात होती, आणि त्यांच्या आधारे, सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांपैकी एकीने पुढे जीव दिला, असे निवेदन गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियनमध्ये प्रसिद्ध केले. सरकारने पुरावा मागितला. गोखले परतले तेव्हा टिळकांना अटक झालेली होती, आणि तपासणीविषयी लेखी तक्रारी करणारे सरदार नातू बंधू 1827 च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी स्थानबद्ध झाले होते. अशा धरपकडीत पत्र लिहिणारांची नावे उघड करणे म्हणजे त्यांना सरकारच्या हवाली करणे होय, हे जाणून गोखल्यांनी नावे दिली नाहीत, आणि पुराव्यावाचून आरोप टिकत नाही म्हणून 4 ऑगस्टला निरपवाद माफी मागितली. त्या माफीने त्यांना जन्मभर जाळले. ज्याने ऐकले तो बोलला, ज्याने पाहिले तो भयाने गप्प राहिला, आणि जिने सोसले तिचा शब्द तर कोणत्याच दप्तरात उतरला नाही.

रँड समितीच्या अहवालात मात्र, स्त्रियांच्या अब्रूस बुद्धिपुरस्सर धक्का लागल्याची विश्वसनीय तक्रार आपल्यापर्यंत आली नाही, असे समाधान नमूद आहे. पंडिता रमाबाईंनी आपल्या आश्रमातील एका मुलीसंबंधी प्लेगच्या इस्पितळातील व्यवस्थेवर मुंबईच्या वृत्तपत्रात उघडपणे, स्वतःच्या सहीने लिहिले होते. त्यांचे कथनही गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी दिशाभूल करणारे ठरविले. सत्तेची कैफियत अशीच असते. तक्रार तोंडी असली तर ती अफवा, एकट्याची असली तर आकस; आणि तक्रार मुळीच नसली तर प्रजा संतुष्ट आहे, असा निष्कर्ष काढावयास सत्ता मोकळी राहते.

यावर कोणी म्हणेल की, पथकांबरोबर काही एतद्देशीय गृहस्थ स्वयंसेवक म्हणून जात होतेच. होय, जात होते. आणि सोजिरांस चालीरीती समजावून त्यांनी काही अनर्थ टाळलेही असतील. परंतु ते पथकाचे घटक होते. जो झडती घेणाराबरोबर घरात शिरतो त्याच्याकडे घरमालकीण साक्षीदार म्हणून पाहत नाही, आणि ज्याचे तेथे असणे साहेबाच्या परवानगीवर अवलंबून असते त्याची टीप साहेबाविरुद्ध फार काळ टिकत नाही. साक्षीदाराला सत्तेच्या रांगेबाहेर उभे राहावे लागते.

या तत्त्वाचा आपल्या काळातील सर्वांत चिकाटीचा प्रयोग पॅलेस्टाईनच्या व्याप्त प्रदेशात झाला. 2001 मध्ये, दुसऱ्या इंतिफादाच्या ऐन धुमश्चक्रीत, काही इस्रायली स्त्रियांनी ‘मखसोम वॉच’ ही संघटना स्थापिली. पश्चिम किनाऱ्यावरील कलंदिया, हुवारा यांसारख्या लष्करी नाक्यांवर सकाळ-संध्याकाळ जाऊन उभे राहावयाचे, कोणाला किती वेळ थांबविले, कोणाचा परवाना नाकारला, रुग्णास सोडले की नाही, हे लिहून घ्यावयाचे आणि ते प्रसिद्ध करावयाचे, एवढेच त्यांचे काम. त्यांच्यापैकी पुष्कळजणी उतारवयाच्या. नाक्यावरचा बंदूकधारी शिपाई वयाने त्यांच्या नातवाएवढा. सत्ताधारी समाजातील असल्यामुळे पॅलेस्टिनी प्रत्यक्षदर्शीला नसलेले संरक्षण त्यांना होते, आणि ते संरक्षण त्यांनी परक्यासाठी खर्च केले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. पुण्याच्या कँपातील चार इंग्रज गृहिणी 1897 मध्ये रोज वही घेऊन बुधवार किंवा शनिवार पेठेत उभ्या राहिल्या असत्या, तर गोखल्यांच्या हाती काय नसते!

या इस्रायली स्त्रियांवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो त्यांनी स्वतःच आपसात मांडला. आपण उभे राहिल्याने शिपाई थोडा सौम्य वागतो, रांग थोडी लवकर सरकते. पण त्यामुळे नाका अधिक सुसह्य आणि म्हणून अधिक चिरस्थायी तर होत नाही ना? आक्षेप खरा आहे. वहीने नाका उठत नाही. त्यांच्या एवढ्या वर्षांच्या नोंदींनंतरही लष्करी ताबा संपलेला नाही. तरीही मी त्यांच्या बाजूने कौल देतो. नाका उठविणे हे राजकारणाचे काम आहे; तो उठेपर्यंत, आणि उठल्यावरही, तेथे काय घडले हे नाकारता न येणे हे साक्षीदाराचे काम आहे, आणि एकाच्या अपयशाबद्दल दुसऱ्यास दोष देता येत नाही.

व्याप्त प्रदेशातील लष्करी नाका आणि आपल्या रस्त्यावरची पोलिसांची नाकाबंदी यांत अंतर आहे, ते पुसू नये. परंतु मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रात जो कायदा जारी झाला तो 1897 चाच होता, आणि चौथे कलमही त्यात कायम होते. भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखाने थांबले, कंत्राटी कामगारांची रोजी बुडाली, आणि बोचकी डोक्यावर घेऊन माणसे पायी गावाकडे निघाली, तेव्हा या पट्ट्यातील नाक्यांवर त्यांना कोणी पाणी दिले, कोणी परत पिटाळले, कोणाच्या पाठीवर काठी पडली. अन्नछत्रे चालविणारे नागरिक पुढे आले, हे या नगरीचे भूषणच. पण नाक्यावर उभे राहून दिवस, वेळ आणि ठिकाण यांसह लिहून ठेवणे हेही सेवेचे काम आहे, असे आम्हां सुस्थितांना फारसे सुचले नाही. चौकाचौकांत आता कॅमेरे आहेत हे उत्तर पुरेसे नाही, कारण त्यातील चित्रण ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्याच्याच ताब्यात राहते.

म्हणून चिंचवड, निगडी आणि चाकण येथील ज्येष्ठ नागरिक संघांना, महाविद्यालयांना आणि कामगार संघटनांना माझी विनंती आहे की, संकटाची वाट न पाहता त्यांनी ही शिस्त आजच अंगी बाणवावी: दोघांनी मिळून जावे, कामात अडथळा आणू नये, पाहिले तेवढेच लिहावे, परप्रांतीय कामगाराची जबानी त्याच्या भाषेत घ्यावी आणि तिचा दुरुपयोग होणार नाही अशा रीतीने जपावी, आणि खाली स्वतःचे नाव घालून सही करावी.