किल्ली कोणाकडे?

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या शिवारात कपाशी पेरणारा शेतकरी 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करू शकतो. ई-पीक पाहणीचे ॲप उघडायचे, शेतात उभे राहून फोटो काढायचा, की नोंद सातबाऱ्याकडे जाते. जमिनीचा सर्वांत महत्त्वाचा कागद आता ज्या फोनवर विसंबून आहे, त्या फोनचा मालक कोण? हा प्रश्न मला केवळ तंत्रज्ञांचा वाटत नाही. तो स्वत्वाचा आहे, आणि आपल्या धर्मशास्त्राने त्यावर फार कसून विचार केलेला आहे.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तिच्यात स्वत्व शास्त्रातून येते की लोकव्यवहारातून, असा वाद आहे. विज्ञानेश्वराचा निर्णय लोकव्यवहाराच्या बाजूने पडतो. ज्यांना शास्त्र ठाऊकच नाही अशा सीमेवरच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते, तेव्हा मालकी ही लोकसिद्ध गोष्ट आहे. नैयायिकांनी तिची खूण सांगितली ती वस्तूचा हवा तसा विनियोग करण्याची पात्रता. दान असो वा विक्री, देणाऱ्याचे स्वत्व सुटते तेव्हाच घेणाऱ्याचे पुरते जडते.

या कसोटीला आजचा फोन लावून पाहा. बटण दाबताच चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो बूटलोडरची, म्हणजे अँड्रॉइड सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, डिजिटल सही तपासतो आणि बूटलोडर अँड्रॉइडची. सही कंपनीच्या किल्लीशी जुळली तरच फोन पुढे सरकतो. त्या किल्लीची ओळख चिपमधल्या फ्यूजमध्ये जाळून ठेवलेली असते आणि जळलेला फ्यूज पूर्ववत होत नाही. पुढे कंपनी अपडेट थांबवते. स्क्रीन धड असते, बॅटरी बदलता येते, पण नवी ॲप जुन्या अँड्रॉइडला नाकारू लागतात. सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडवर आधारलेली खुली प्रणाली 2016 च्या अखेरीस बंद पडल्यावर तिच्या जागी उभे राहिलेले लिनिएजओएस अशा अनेक फोनना नवे आयुष्य देते, मात्र कंपनीने बूटलोडर उघडू दिला तरच. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 असलेल्याला जमीन विकायला परवानगी लागते, आणि ती अट सातबाऱ्यावर लिहिलेली असते. फोन घेणारा पूर्ण किंमत मोजूनही वर्ग 2 मध्येच राहतो, आणि खोक्यावर तसे लिहिलेले नसते.

कुलूप चोरापासून आणि घातक सॉफ्टवेअरपासून वाचवते, बँकेचे ॲप त्याच्या भरवशावर चालते, हा आक्षेप खरा आहे, हलका नाही. पण कुलूप असण्याला कोणाचा विरोध आहे? गुगलच्या पिक्सेल फोनवर मालक बूटलोडर उघडून स्वतःची प्रणाली आणि स्वतःची किल्ली बसवू शकतो, मग तो पुन्हा बंद करू शकतो. सहीची तपासणी तशीच चालू राहते. सुरक्षा आणि मालकी एकत्र नांदू शकतात, याला याहून वेगळा पुरावा नको. दुसरे म्हणणे असे की सॉफ्टवेअर विकलेले नसतेच, त्याचा केवळ परवाना असतो. मान्य. पण चिप, स्क्रीन, बॅटरी तर विकली ना? सॉफ्टवेअरच्या परवान्याने विकलेल्या यंत्रावर ताबा ठेवणे न्याय्य नाही. मोडेमचे, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचे, फर्मवेअर मात्र मी वेगळे धरतो. रेडिओलहरी सगळ्यांच्या आहेत, त्यांवर बंधन हवेच. वर्ग 1 ची जमीनही अकृषिक करायची तर शासनाचे नियम पाळावे लागतात. ते बंधन समाज कायद्याने घालतो. पैसे घेऊन मोकळा झालेला विक्रेता नव्हे.

राहता राहिला सर्वांत वारंवार ऐकू येणारा मुद्दा: लोहाऱ्याचा शेतकरी कुठे फर्मवेअर बदलायला बसणार? तो बसणार नाही, मोबाइल दुरुस्त करणारा बसेल. विहिरीची मोटार शेतकरी स्वतः गुंडाळत नाही, म्हणून मोटार कारखान्याची ठरत नाही. आणि हक्क वापरला नाही म्हणून तो नाहीसा होतो, असे मानले तर गरिबाचे कितीतरी हक्क उद्याच संपतील.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारांच्या जोडीला मोबाइल फोनही तिच्या विषयांत होते. त्या हक्कात एक कलम यायला हवे: कंपनी ज्या दिवशी अपडेट थांबवेल, त्या दिवशी बूटलोडरची किल्ली ग्राहकाला द्यावी. आणि तोवर प्रत्येकाने फोन घेताना दुकानदाराला विचारावे, याचा बूटलोडर उघडतो का?