नवव्या मिनिटाचा लोण

आमच्या अष्टागरात कबड्डीचा सामना संपला की दुसरा सामना सुरू होतो, चहाच्या टपरीवर. मॅच कोणी घालवली, यावर. निकाल बहुधा ठरलेला असतो: शेवटची चढाई ज्याची, पाप त्याचं.

रेवदंड्याच्या बाजूला, सुरूच्या बनाआड आखलेल्या मैदानावरचा तो सामना. शेवटची चढाई आणि आम्ही दोन गुणांनी मागं. आमचा गडी गेला. दोघांना शिवणं भाग होतं, म्हणून खोल शिरला आणि डाव्या कोपऱ्यानं त्याचा घोटा धरला. तीन गुणांनी हरलो. "यानीच घालवली मॅच," टेम्पोत घरापर्यंत हेच चाललं. तो फाळक्याला टेकून गप्प. पुढच्या मोसमात तो मैदानात उतरलाच नाही.

मी त्या टेम्पोत होतो आणि मलाही एक गोष्ट ठाऊक होती.

पूर्वार्धाचं नववं मिनिट. आमचे सहा बाद, मी एकटा उरलेलो. निदानरेषा ओलांडून मुकाट परत यायचं होतं. तेवढ्यानं वाचलोच असतो असं नाही. पण गर्दी बघून अंगात आलं, आत घुसलो आणि सापडलो. माझा एक गुण, लोणाचे दोन. तीन गुण! हे कुणाच्या लक्षात राहणार? तेव्हा माणसं अजून येत होती, भेळेच्या गाडीवर गर्दी होती, माईकवर देणगीदारांची नावं चालली होती.

नवव्या मिनिटाचा गुण आणि चाळिसाव्याचा गुण कागदावर सारखाच. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना २८-२८ वर असताना एका चढाईवरून तंटा झाला, खेळ तासभर थांबला. भारत ३३-२९ जिंकला. आजही लोक भांडतात ते त्या एका चढाईवर. आधीचे अठ्ठावीस-अठ्ठावीस कसे झाले, विचारा कुणाला!

आता कुणी म्हणेल, शेवटी दुरुस्तीला वेळ नसतो, म्हणून ती चूक मोठी. मलाही बरीच वर्षं हे पटत होतं. सोयीचं होतं ना. माझ्या चुकीनंतर एकतीस मिनिटं बाकी होती, ती भरून काढायला सात जण होते. पण मला परत फिरता येत होतं. त्याला खोल जाण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. दोष घड्याळ बघून द्यायचा, की माणसापुढं वाट किती होती ते बघून?

परवा अलिबागच्या एस.टी. स्टँडवर तो भेटला. म्हटलं, "त्या दिवशी लोण माझ्यामुळं बसला रे."

"माहितीय," तो म्हणाला. "मी बाद होऊन बाहेर बसलेलो. बघतच होतो ना."